तारेतून श्वास

२७ ऑक्टोबर, सोमवार

नापास. माझी गाडी, धुराच्या परीक्षेत. पेट्रोल पंपावरच्या टपरीतल्या माणसानं सायलेन्सरमध्ये नळी खुपसली, मशीनकडे पाहिलं आणि म्हणाला, "मेडम, सीओ तुंबा जास्ती." म्हणजे कार्बन मोनॉक्साइड फारच. हद्द ०.३, आमचं २.१. चौतीस वर्षं कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये मुलींकडून रीडिंग करवून घेतली आहेत मी. म्हटलं, परत घे. परत घेतलं. २.२ आलं. पैसे देऊन निघाले.

गाडीला २४ नोव्हेंबरला पंधरा वर्षं होतात. त्याआधी आरटीओतून फिटनेस मिळाला तर आणखी पाच वर्षं रस्त्यावर. धुरात नापास तर फिटनेस नाही, आणि फिटनेस नाही तर भंगार. इतकं सरळ.

विनयला फोनवर सांगितलं. सांगायलाच नको होतं. शहराच्या दुसऱ्या टोकाहून, हेब्बाळच्या चौदाव्या मजल्यावरून चिरंजीव म्हणाले, "आई, हा इशारा आहे असं समज. गेल्या महिन्यात गेटच्या खांबाला घासलीस. आता धूर. देऊन टाकू या ना. कॅब आहेत की." खांबाला घासली हे खरं. खांब मधे होता.

माझं डोकं फिरलं. म्हटलं, "ऐक. २४ च्या आत गाडी पास झाली तर माझ्या ड्रायव्हिंगचा विषय या घरात पुन्हा काढायचा नाही. नापास झाली तर किल्ली तुझ्या हातात, आणि दुसरी गाडी घेणार नाही. शब्द."

"शब्द?"

"शब्द."

फोन ठेवला आणि कॅलेंडरवर २४ भोवती गोल केला. 

२८ ऑक्टोबर, मंगळवार

सकाळीच दुंडाप्पाचं गॅरेज. चिकोडीचा माणूस, वीस वर्षं इथं बनशंकरीत. गिऱ्हाइकांशी कन्नड, माझ्याशी मराठी, गंजक्या बोल्टांशी दोन्ही. (यापुढे दुं.)

त्यानं स्कॅनर जोडला, मग एक स्पार्क प्लग काढून माझ्यापुढे धरला. काजळी. "अक्का, गंमत बघा की. इंजिनचा कॉम्प्युटर म्हणतोय पेट्रोल कमी पडतंय. आणि हितं बघितलं तर वताय लागलंय बदाबदा."

स्कॅनरवर +२५. म्हणजे ठरल्या मापापेक्षा पंचवीस टक्के जास्त पेट्रोल कॉम्प्युटर आपल्या मनानं सोडतोय, आणि त्याहून पुढे त्याला जाता येत नाही. तरी त्याला कमीच वाटतंय.

म्हणजे दोन साक्षीदार आणि दोन उलट्या जबान्या. पंपावरचं मशीन म्हणतं जास्त, गाडी म्हणते कमी. एक खोटं बोलतोय. काजळी पंपाच्या बाजूनं आहे. तेव्हा खोटं बोलणारा गाडीतलाच.

कालपासून पहिल्यांदा बरं वाटलं. हे तर लॅबचंच काम झालं!

केव्हापासून? आठवून पाहिलं. पेट्रोलचा वास दसऱ्यानंतर यायला लागला. त्याआधी खंडेनवमीला मी हिला आतून-बाहेरून धुऊन पुसून झेंडू घातला होता, तेव्हा ठणठणीत होती.

२९ ऑक्टोबर, बुधवार

ऑक्सिजन सेन्सर. दुं.चं आणि माझं एकमत. एक्झॉस्टच्या पाइपात खुपसलेला, अंगठ्याएवढा. आतल्या धुरातला ऑक्सिजन आणि बाहेरच्या हवेतला ऑक्सिजन यांची तुलना करतो आणि फरकाप्रमाणे व्होल्टेज देतो. पेट्रोल जास्त असेल तर ०.९ कडे, कमी असेल तर ०.१ कडे. धड असला की एकसारखा खालीवर झुलत राहतो. कॉम्प्युटर त्याच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवतो आणि पेट्रोल कमीजास्त करतो.

आमचा ०.१ वर मुक्काम ठोकून बसलाय. "कमी आहे, कमी आहे" एवढंच टुमणं.

या मॉडेलचा सेन्सर आता सहज मिळत नाही. दुं.नं जयनगरच्या एका दुकानातून शेवटचा उचलला. उद्या बसवणार.

मीही फोनला जोडायचा छोटा स्कॅनर घेतला. दुसऱ्याच्या रीडिंगवर मी का विसंबू?

३० ऑक्टोबर, गुरुवार

नवा सेन्सर बसला. जुना मी मागून घेतला, घरी आणून फडताळात ठेवलाय.

बसवताना मी दुं.ला म्हटलं, कनेक्टर जुनाट झालाय, तार सरळ सोल्डरनं डाग देऊन जोडून टाका, पक्कं काम. तो मानच हलवायला लागला. "नाही अक्का. आमच्या वस्तादांनी शपथ घातलीय. ह्या वायरीला डाग द्यायचा नाही. हिला श्वास लागतो. वायरीतनं हवा आत जाती."

"तारेतून हवा?"

"व्हय की."

मी हसले. चांगली मोठ्यानं हसले. तारेतून वीज जाते दुंडाप्पा, म्हटलं, हवा नव्हे. तो पाना पुसत बसला.

घरी आल्यावर इंजिन गार होऊ दिलं आणि नव्या कनेक्टरात पेट्रोलियम जेली नीट ठासून भरली. अण्णांची पद्धत. अण्णा, म्हणजे माझे वडील, कारखान्यात लेथवर होते. खंडेनवमीला इतरांच्या घरी तलवार निघायची. आमच्याकडे व्हर्नियर, पाने, ड्रिल मशीन, सायकलचा डायनामो, सगळं पाटावर ओळीनं. पूजेआधी प्रत्येक सांधा उघडायचा, पुसायचा, जेली भरून बंद करायचा. "सांधा कोरडा ठेवशील तर गंज खाईल." मी गाडीचे सगळे सांधे दर वर्षी तसेच भरते. बॅटरीचे, दिव्यांचे. यंदा तर सवड होती म्हणून हात पोचेल तिथपर्यंत.

व्होल्टेज झुलतंय. ०.२, ०.८, ०.३, ०.७. किती वेळ नुसती बघत बसले.

१ नोव्हेंबर, शनिवार

कन्नड राज्योत्सवाची सुट्टी. नाक्यानाक्यावर तांबडे-पिवळे झेंडे. गाडी घेऊन हेब्बाळला विनयकडे जेवायला. +८. झुळझुळ चालली. वि.ला पार्किंगमध्ये मुद्दाम बोलावून इंजिन चालू करून दाखवलं. "वास येतोय का?"

"नाही," म्हणाला. मग म्हणाला, "पण आई, आज आहे, उद्या..."

"उद्याचं उद्या."

परत येताना गाणं म्हणत आले. काचा बंद करून.

४ नोव्हेंबर, मंगळवार

+१९. वास परत.

५ नोव्हेंबर, बुधवार

+२५. सेन्सर ०.१ वर. तेच टुमणं. नवाकोरा सेन्सर, सहा दिवसांत!

डुप्लिकेट माल. दुसरं काय असणार? दुं.नं मला डुप्लिकेट बांधला.

६ नोव्हेंबर, गुरुवार

गॅरेजमध्ये भांडण. मी आवाज चढवला. दोन गिऱ्हाइकं उभी होती त्यांच्यासमोर म्हटलं, "वीस वर्षांची ओळख, आणि मलाच डुप्लिकेट?"

दुं. पांढराफटक पडला. "अक्का, खोकं तुमच्या पुढ्यात फोडलंय. सील तुमीच बघितलासा."

"सीलही डुप्लिकेट मिळतात."

"मग दुसरीकडं दावा गाडी." एवढंच बोलला आणि पाठ फिरवून दुसऱ्या गाडीखाली शिरला. वीस वर्षांत हा माणूस माझ्याशी पाठ करून कधी बोलला नव्हता.

बरं. दावीन. दुसरीकडे कशाला, मीच बघते. सेन्सरलाच दोष द्यायचा तर आधी बाकीचं निर्दोष आहे हे सिद्ध करायला हवं. सेन्सरच्या अलीकडे पाइप कुठे फुटला असेल तर तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते, आणि सेन्सरला खोटाच जास्तीचा ऑक्सिजन दिसतो. उद्या फट शोधायची.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

आज अंगणात मोठा कार्यक्रम झाला. व्हॅक्यूम क्लीनरची नळी उलट्या तोंडाला लावली, म्हणजे फुंकणाऱ्या. ती सायलेन्सरच्या शेपटीत कोंबली, भोवती जुनी साडी आवळली. इंजिन गार. वारा आतून सोडला आणि पुढे बॉनेट उघडून प्रत्येक जोडावर ब्रशनं साबणाचं पाणी फासलं. फट असली तर बुडबुडे येणार.

शेजारचे राव कुंपणावरून बघत होते. "अय्यो, मेडम, एनु इदु?" म्हणजे, हे काय. म्हटलं, गाडीला वाफारा देतेय, सर्दी झालीय. ते खरंच मान डोलावत आत गेले.

एकही बुडबुडा नाही. दोनदा केलं. पाइप निर्दोष. म्हणजे पुन्हा सेन्सर. म्हणजे पुन्हा दुं. चोर ठरतो. याचा आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

गुडघे मात्र गेले कामातून.

९ नोव्हेंबर, रविवार

वि. आला. बऱ्याच महिन्यांनी आला, ते भंगारवाल्या कंपनीचा फॉर्म घेऊन. माझं नाव, गाडीचा नंबर सगळं भरून आणलेलं, फक्त सही बाकी. टेबलावर ठेवला, वर चष्म्याची डबी ठेवली, उडू नये म्हणून.

"अजून पंधरा दिवस आहेत," मी म्हटलं.

"हो हो, सावकाश. फक्त तयार असावा."

फार प्रेमानं बोलतो हल्ली. ओरडला असता तर मी दुप्पट ओरडले असते. या प्रेमाचं काय करावं कळत नाही. याचे बाबाही असंच गोडीनं म्हणायचे, "तुला जमायचं नाही गं." त्यांनी कधी स्टिअरिंगला हात लावू दिला नाही. ते गेल्यावर वर्षभरानं मी अठ्ठेचाळिसाव्या वर्षी क्लास लावला आणि ही गाडी घेतली. पहिल्या दिवशी जयनगरच्या चौकात पाच वेळा बंद पडली. मागचे सगळे हॉर्न मारत होते आणि मी हसत होते.

फॉर्म फ्रिजवर ठेवलाय. दिसणार नाही असा.

१० नोव्हेंबर, सोमवार

आज काय घडलं ते नीट, क्रमानं लिहिते.

फडताळातला जुना सेन्सर काढला. तो खरोखर मेला आहे का हे कुणी तपासलंच नव्हतं. दुं.नं नाही, मीही नाही. मुलींना नापास केलं असतं यासाठी.

कनेक्टरच्या पिना चिकट होत्या. मीटरचे चिमटे घसरत होते. म्हणून स्पिरिटनं कापूस फिरवून कनेक्टर आतून पार स्वच्छ पुसला, पंख्याखाली वाळवला. मग गॅस पेटवला, पक्कडीनं सेन्सर धरला आणि टोक निळ्या ज्योतीच्या आत. ज्योतीच्या पोटात ऑक्सिजन कमी असतो. म्हणजे सेन्सरला पेट्रोल जास्त झाल्यासारखं वाटायला हवं.

मिनिटभर काही नाही. टोक तांबूस झालं आणि मीटर चढायला लागला. ०.३. ०.६. ०.८२.

बाजूला काढला, पडला. परत ज्योतीत, ०.८३.

ठणठणीत आहे! ज्याला मेला म्हणून बाहेर काढला तो जिवंत. मग नवाही जिवंतच असणार. दुं. चोर नाही.

मग गाडीत जाऊनच हे मुके का होतात? गॅसच्या शेगडीत आणि गाडीत फरक काय? तारा त्याच. टोक तेच.

दूध उतू गेलं शेजारच्या शेगडीवर. जाऊ दे.

११ नोव्हेंबर, मंगळवार

फरक शोधायचा तर वही वाचायची, हे मी मुलींना सांगायचे. म्हणून ही वही पहिल्यापासून वाचली. ३० ऑक्टोबरला अडखळले.

"जेली नीट ठासून भरली."

आणि त्याच्या वर, चार ओळींवर, "हिला श्वास लागतो. वायरीतनं हवा आत जाती." आणि त्याखाली, मी हसले.

सेन्सर आतल्या धुराची तुलना बाहेरच्या हवेशी करतो. मीच लिहिलंय २९ ला. मग ती बाहेरची हवा त्याच्या पोटात शिरते कुठून? बाहेरून तर तो सगळीकडून बंद. तारेच्या आवरणातून! तारेच्या केसाएवढ्या पोकळीतून, कनेक्टरच्या तोंडातून. आणि ते तोंड मी जेली ठासून बंद केलं. खंडेनवमीला एकदा, झेंडू घालून. आणि नव्याला पुन्हा एकदा, स्वतःच्या हातानं, कौतुकानं.

तरीही सिद्ध करायला हवं. नुसतं पटून चालत नाही. जुना सेन्सर घेतला, ज्योतीत ०.८२. कनेक्टरात परत जेली भरली, तार शेगडीजवळ जरा उबेला ठेवली, बॉनेटखाली असते तशी. दहा मिनिटं, ०.७. पंचवीस मिनिटं, ०.४. चाळीस, ०.२. ज्योतीच्या पोटात बसून म्हणतोय, "कमी आहे, कमी आहे."

सिद्ध झालं.

परत पुसला, वाळवला. पण आता तो ०.२ च्या वर येईना. जेली वितळून आत चढली असणार. पुराव्यापायी सेन्सर गेला तो गेला. आणि जयनगरवाल्याकडे दुसरा नाही, फोन केला होता. येईल तो पंचवीस तारखेनंतर, म्हणजे मुदत उलटल्यावर.

ओट्याशी खुर्ची घेऊन बसले. अण्णा, तुमची पद्धत चुकीची नव्हती हो. तुमच्या डायनामोला श्वास लागत नव्हता.

१२ नोव्हेंबर, बुधवार

आधी काल रात्री मनात आलेलं लिहून टाकते. ३० तारखेचं पान फाडावं असं वाटलं. वहीच्या पिना सुट्या करून उचकटलं की झालं. कुणाला कळणार? वि.ला सांगायचं, नवा सेन्सरही खराब निघाला, नशीब. खरं सांगितलं तर तो खांबाची आठवण करून देईल, "आई, वय झालं," म्हणेल, आणि या वेळी त्याच्याजवळ खराखुरा पुरावा असेल. माझ्या अक्षरातला.

लॅबमध्ये एक नियम होता. चुकलेलं रीडिंग खोडरबरानं पुसायचं नाही, गिरगटायचं नाही. एकच आडवी रेघ, खालचं वाचता येईल अशी, आणि बाजूला खरं रीडिंग. ज्या मुली पुसायच्या त्यांना मी ओळखायचे. कागद खरबरीत व्हायचा.

५ तारखेच्या "दुं.नं मला डुप्लिकेट बांधला" वर एक रेघ मारली. बाजूला लिहिलं, नाही, मी.

मग गॅरेज. दुं. होता. मी त्याच्या गिऱ्हाइकांसमोर बोलले होते, म्हणून गिऱ्हाईक यायची वाट बघत थांबले. एक स्कूटरवाला आला तेव्हा म्हटलं, "दुंडाप्पा, माल अस्सल होता. चूक माझी. कनेक्टरात जेली मी भरली. तुम्ही सांगितलं होतं तारेला श्वास लागतो, मी हसले. माफी मागते."

स्कूटरवाल्याला काही कळलं नाही. दुं. हात पुसत राहिला. "तुमी जेली भरलासा?" मग त्याचे खांदे हलायला लागले. हसत होता, लबाड! "अक्का, मी हितं चार रात्री झोपलो नाही. म्हटलं कुठं चुकलं माझं. आणि तुमी जेली!"

"हसा. हक्क आहे तुमचा."

हसून झाल्यावर कामाला लागला. कनेक्टर स्प्रेनं धुतला, हवेचा झोत मारला, तारेचं टोक वर टांगून ठेवलं. म्हणाला, नव्यात जेली आत किती चढलीय ते देवाला ठाऊक. "रोज गाडी काढा. तापू द्या, वाळू द्या. आली तर आली शुद्धीवर."

मी चहा पाजला. तो प्यायला.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

+२३. बनशंकरीहून कनकपुरा रस्त्यानं चाळीस किलोमीटर, उगाच.

वि.चा फोन. "काय म्हणते गाडी?"

"बघतोय," म्हटलं. खोटं नाही. पण खरंही नाही. फोन ठेवल्यावर स्वतःचा राग आला.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

+२१. आरटीओची तारीख मिळाली, मंगळवार १८.

३० ऑक्टोबर, ५ आणि ११ नोव्हेंबर, तिन्ही पानांचे फोटो काढून वि.ला पाठवले. खाली लिहिलं, "वाच. मग फोन कर."

दिवसभर फोन नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

+१४! सेन्सर ०.१ सोडून ०.४ पर्यंत येतोय, परत पडतोय. दुं. म्हणतो, "जीव धरलाय."

दुपारी वि. आला, न सांगता. फोनवर पानं उघडून बसला माझ्यासमोर.

"म्हणजे चूक तुझी होती."

"हो. आणि शोधलीही मीच."

"तू हे मला सांगितलं नसतंस तर मला कधीच कळलं नसतं."

"म्हणून तर सांगितलं."

त्यानं फोन टेबलावर पालथा ठेवला. मग हळूच म्हणाला, "आई, या वेळी जेली होती. उद्या अशीच एखादी चूक ब्रेकच्या बाबतीत झाली तर?"

   मी काय म्हणणार, होणार नाही? जिनं महिन्याभरात तीच चूक दोनदा केली तिनं?

शेवटी म्हटलं, "ब्रेकला मी हात लावत नाही. दुंडाप्पा लावतो. आणि ज्या दिवशी चूक करून मला ती सापडणार नाही, किंवा सापडून मी तुझ्यापासून लपवीन, त्या दिवशी किल्ली तू न मागता देईन. पण त्या दिवसाची तारीख तू फॉर्मात भरायची नाहीस."

फ्रिजवरचा फॉर्म काढून त्याच्यासमोर ठेवला. त्यानं तो उचलला नाही, फाडलाही नाही. जेवून गेला. पोळ्या चार खाल्ल्या, नेहमी दोन खातो.

१७ नोव्हेंबर, सोमवार

+११. पुरे होईल का? दुं. म्हणतो काठावर आहे. "पास झाली तर देव, नाही झाली तर जेली."

जेलीची डबी गाडीच्या कप्प्यात पंधरा वर्षं होती. आज काढून स्वयंपाकघरात ठेवली. टाचांना लावीन.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

आरटीओचं मैदान. गाडीतच बसून लिहितेय, वही स्टिअरिंगवर टेकवून. रांगेत पुढे तीन. आधी कोपऱ्यातल्या व्हॅनमध्ये धुराचा कागद, मग इन्स्पेक्टर.

सकाळी दुं. म्हणाला, "मी चालवत नेतो अक्का, मेकॅनिक बघून जरा वजन पडतं." म्हटलं, बेडा, नको. मी इथवर येताना कनकपुरा रस्त्याच्या सिग्नलला मुद्दाम गिअर नीट टाकला, उगाच कुणी बघत असेल तर.

+९.

वि. आलाय. हेब्बाळहून इतक्या लांब, ऑफिस सोडून. शेजारच्या सीटवर बसलाय, माझा फोन हातात धरून रीडिंग वाचून दाखवतोय. "०.६... ०.३... ०.७... आई, झुलतोय की हा!" झुलतोय. कधी कधी ०.२ वर जाऊन अडकतो, मग तो फोनवर बोट आपटतो.

दोन उरल्या.

त्याच्या मांडीवर फाइल आहे. फॉर्म तिच्यात आहे का विचारलं नाही.

एक.

व्हॅनवाला आला. वि.च्या खिडकीशी वाकून हात पुढे केला, "सर, की कोडी." पुरुष दिसला की किल्ली त्याच्याचकडे असणार. मी तोंड उघडणार, तेवढ्यात वि.च म्हणाला, "किल्ली त्यांच्याकडे आहे. गाडी त्यांची." कन्नडमध्ये म्हणाला, स्वच्छ, मोठ्यानं.

व्हॅनवाला फिरून माझ्या बाजूला आला. नळी आत गेली. म्हणतोय, "मेडम, ॲक्सिलरेटर अडीच हजारावर धरा, स्वल्प स्थिर." वि. फोनकडे बघत नाहीये आता, माझ्याकडे बघतोय.

वही ठेवते. पाय मलाच स्थिर धरायचाय.